जोर कोणत्या अक्षरावर?

पाचोऱ्याहून जामनेरला जाणारा अडीच फुटी रुळांचा लोहमार्ग पहिले महायुद्ध संपता संपता सुरू झाला, आणि वाघूरकाठच्या पहूर गावाला एक नवेच महत्त्व आले. अजिंठ्याची लेणी त्या वेळी निजामाच्या मुलखात. पहूर मात्र इंग्रजी अमलातल्या पूर्व खानदेश जिल्ह्यात. लेणी पाहू इच्छिणाऱ्या साहेबाने पाचोऱ्यास मोठी गाडी सोडावी, लहान गाडीत बसावे, पहूर स्टेशनावर उतरावे आणि फर्दापूरची वाट धरावी, असा रिवाज पडला. ही गाडी 2020 मध्ये थांबली. पण तिच्या स्टेशनावरची रोमन पाटी हा आजच्या विषयाचा एक चांगला धडा आहे.

रोमन लिपीतला तो पाच अक्षरी 'पहूर' वाचताना इंग्रज प्रवाशाला पहिला प्रश्न पडणार, तो असा: जोर 'प'वर द्यावा की 'हू'वर? आम्हा खानदेशी माणसांना हा प्रश्न कधी पडलाच नाही. प आखूड, हू लांब, एवढे आम्हाला ठाऊक. पण साहेबाच्या भाषेत जोराचा निकाल लागल्याखेरीज शब्द तोंडातून बाहेरच पडत नाही. कारण जोर कुठे हे ठरले की बाकीचे स्वर किती पुसट करायचे तेही ठरते. लेण्यांच्या नावाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. गावकरी म्हणतात अजिंठा. जुन्या इंग्रज लेखकांनी ते आपल्या कानाने टिपले; 'बट', 'कट' या शब्दांत जे अक्षर घालतात तेच घालून 'अजंटा' असे काहीसे लिहिले. पुढे स्पेलिंगची व्यवस्था बदलली, आणि ते नवे स्पेलिंग डोळ्याने वाचणाऱ्या आपल्याच लोकांनी 'अजंता' हे तिसरे नाव तयार केले. रोमन लिपीत ट, ठ आणि त यांना एकच चिन्ह. मग ठकाराचा तकार झाला यात नवल ते काय? कानाने घेतलेला शब्द एका वाटेने जातो, डोळ्याने घेतलेला दुसऱ्या. इंग्रजी भाषाही खानदेशात याच दोन वाटांनी आली, आणि त्या दोन वाटांचा हिशेब अजून कुणी नीट मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

पहिली वाट कानाची. 1818 साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. 1825 मध्ये औट्रमने भिल्लांची पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावास होते. 1860 नंतरच्या दशकात लोहमार्ग आला, भुसावळ हे रेल्वेचे गावच होऊन बसले. कापसाच्या पाठोपाठ जीन आणि प्रेस आले. शिपाई, हमाल, पैंजण सोडून कारखान्यात आलेला मजूर, कोर्टाच्या ओट्यावर बसणारा पक्षकार, यांच्यापैकी कुणी रोमन मुळाक्षरे गिरवलेली नव्हती. त्यांनी इंग्रजी शब्द ऐकले आणि जसे ऐकू आले तसे उचलले.

जसे ऐकू आले तसे, या शब्दांत सगळी मेख आहे. इंग्रजीत आघात म्हणजे शब्दाच्या एका तुकड्यावर दिलेला जोर. तो तुकडा थोडा लांबतो, थोडा चढतो, ठसठशीत उमटतो. आणि शेजारचे तुकडे मान खाली घालून उभे राहतात. त्यांचा स्वर पुसट होऊन जेमतेम एक आखूड अकार उरतो, कधी तोही उरत नाही. अशी भाषा दुरून ऐकणाऱ्या माणसाच्या कानात काय पडणार? जोराचा तुकडा पडणार, आणि पुसट तुकडे गळून जाणार. पहारेकरी अंधारात विचारी, 'कोण येत आहे तिकडे?' त्या तीन इंग्रजी शब्दांचा आपल्या शिपायाने 'हुकुमदार' केला. 'रिक्रूट'चा जोर शेवटच्या तुकड्यावर. म्हणून 'रंगरूट' या शब्दात पुढचा भाग हवा तसा वाकला, पण 'रूट' मात्र दीर्घाचा दीर्घ राहिला. 'अ‍ॅग्रीमेंट'चा जोर 'ग्री'वर आहे. पुढचा अकार इतका पुसट की तो कुणाला ऐकूच आला नाही, आणि मळ्यांवर मजुरीला समुद्रापार गेलेल्या हजारो लोकांच्या तोंडी तो करार 'गिरमिट' झाला. (सुताराचे गिरमिट निराळे; त्याचा या कराराशी संबंध नाही, भोके पाडण्याचे काम तेवढे दोघांचेही.)

पण या वर्गातला माझा सर्वांत आवडता शब्द 'मुन्शिपालटी' हा आहे. मूळ इंग्रजी शब्दाचे सहा तुकडे पडतात: म्यु, नि, सि, पॅ, लि, टी. जोर चौथ्यावर, म्हणजे 'पॅ'वर. आता गावठी म्हणून ज्याला आपण हसतो तो उच्चार तपासून पाहा. 'नि' आणि 'सि' यांचा मिळून 'न्शि' झाला, 'लि'मधला इकार उडाला; परंतु 'पा' शाबूत, आणि दीर्घ. एकाही धड्यावाचून त्या माणसाने बरोबर तेच तुकडे टाकले जे इंग्रज स्वतः अर्धवट गिळतो, आणि तोच तुकडा राखला ज्यावर इंग्रज जोर देतो. 'म्युनिसिपॅलिटी' असे सहाही अक्षरे सारख्या वजनाने म्हणणारा पदवीधर लंडनच्या रस्त्यावर उभा केला, तर त्याला एकदा तरी पुन्हा विचारतील. मुन्शिपालटीवाल्याला कदाचित विचारणार नाहीत. पोलीस आणि मशीन या शब्दांतही शेवटचा तुकडा दीर्घ राहिला आहे, तोही इंग्रजी जोराच्या जागीच. सगळेच शब्द असे शहाणे नाहीत, हे कबूल. 'हॉटेल', 'डिक्री', 'गॅरंटी' या तिघांचा मूळ जोर शेवटी. आपण तो पार हरवला. पण ते शब्द कोणाच्या हातून आले ते पाहिले, तर कागद, पाटी आणि कारकून यांचा वास लागतो.

म्हणजे दुसरी वाट; डोळ्याची.

या वाटेची सुरुवात हिंदुस्थानात झालेली नाही. इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत इतकी जुनी आहे की खुद्द इंग्रजांच्या मुलांनाही शब्द फोडून फोडून शिकवावे लागत. 1707 मधले डाइचचे पुस्तक, 1740 मधले डिलवर्थचे, अशा स्पेलिंग-बुकांत एका तुकड्याचे शब्द आधी, मग दोन तुकड्यांचे, मग तीन, अशा उतरंडी लावलेल्या असत, आणि तुकड्यांच्या मध्ये आडव्या रेघा. ही फोड कानाने करायची की व्याकरणाने, यावर वाद होता. 'नेशन'च्या शेपटीचे डिलवर्थ दोन तुकडे करी, 'टि' आणि 'ऑन'. माणसे मात्र कधीचीच 'शन' म्हणत होती. 1783 मध्ये अमेरिकेत नोआ वेब्स्टरने ती शेपूट एका तुकड्यात बांधली आणि फोड उच्चाराप्रमाणे करावी असा आग्रह धरला. छापखान्यात ओळीच्या शेवटी शब्द तोडताना अमेरिकन जुळारी उच्चार पाहतो आणि ब्रिटिश जुळारी शब्दाची घडण पाहतो, ही चाल पुष्कळ अंशी त्या वादाचीच पुढची पिढी आहे.

आघाताची खूण कोशात घालण्याची सोय जॉन्सनने 1755 मध्ये केली होती, आणि 1791 मधल्या वॉकरच्या उच्चारकोशाने तर दोन पिढ्यांच्या जिभा वळवल्या. तरी जोर एका जागी बसून राहिला असे नाही. 'बाल्कनी' या शब्दाचा जोर वॉकरच्या काळी मधल्या तुकड्यावर होता. तो पुढे सरकून पहिल्यावर आला तेव्हा सॅम्युएल रॉजर्स हा वृद्ध कवी भारी वैतागला. नवा उच्चार त्याला सोसवेना. 'जुलै'चा जोरही एके काळी इंग्रजीत पहिल्या तुकड्यावर असे. तेव्हा अमुक जोर म्हणजे ब्रह्मवाक्य आणि तमुक म्हणजे अडाणीपणा, असे समजणाऱ्यांनी जरा सबुरी धरावी.

आपल्याकडे शाळेत आली ती या परंपरेची रेघ. तिच्या जोडीची आघाताची खूण वाटेतच कुठेतरी गळाली. 1854 चा वुडचा खलिता, त्यापाठोपाठ शिक्षणखाते, 1857 मध्ये मुंबईचे विद्यापीठ. इंग्रजी ही नोकरीची किल्ली ठरली, आणि ती ज्या कुलपात फिरवायची ते कुलूप होते लेखी पेपराचे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्याची घडण शिकवली. हे उपकार लहान नव्हेत. पण ती विद्या लेखणीची. तोंडाकडे कुणी पाहिलेच नाही. वर्गात सूर लागे तो असा: एन, ए, टी, आय, ओ, एन, नेशन, नेशन म्हणजे राष्ट्र. लांब शब्द आला की तो फोडायचा, आणि फोडीला अर्थाची खुंटी मारायची. 'लेफ्टनंट'चे स्पेलिंग येत नाही? लाय, यू, टेन, अँट. खोटे, तू, दहा, मुंगी. 'असॅसिनेशन'? गाढवावर गाढव, त्यावर मी, माझ्यामागे राष्ट्र. अशा खुंट्यांना टांगलेले स्पेलिंग मरेपर्यंत खाली पडत नाही, हे मान्य करायला हवे. मात्र 'लेफ्टनंट'च्या उच्चारात 'लाय' कुठेच नाही, आणि 'टुगेदर'च्या उच्चारात 'टु-गेट-हर' नाही. 'कम्फर्टेबल' या शब्दाच्या शेवटी छापलेले टेबल दिसते, म्हणून आपण त्यात टेबल ठेवतो आणि त्यावरच सगळा भार टाकतो. इंग्रज 'कम्'वर जोर देऊन पुढचे सगळे 'फ्टबल' असे दोन पावलांत ओलांडून जातो. फोड ही हाताला उपयोगी पडली. जिभेला तिने फसवले.

येथे एक आक्षेप येईल. मराठीत आघात नाहीच, तर मराठी मुलाला तो सुचावा कसा? हे अर्धेच खरे आहे. मराठीत जोर बदलून अर्थ बदलत नाही, हे खरे. इंग्रजीत 'रेकॉर्ड' पहिल्या तुकड्यावर दाबले तर नाम, दुसऱ्यावर दाबले तर क्रियापद. असा प्रकार आपल्याकडे नाही. पण तुकड्यांची समज आपल्याला नाही, असे कोण म्हणेल? 'पकड' असे लिहिताना आपण तीन अक्षरे लिहितो आणि म्हणताना दोन तुकडे म्हणतो: प-कड्. तेच 'पकडा' झाले की मधला अकार गिळून पक्-डा म्हणतो. 'पुस्तक' लिहिताना पु-स्त-क, म्हणताना पुस्-तक्. लिपीचे अक्षर आणि मुखाचा तुकडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे खानदेशातले सात वर्षांचे पोर रोज करून दाखवते. त्याला ते कुणी सांगत नाही इतकेच. स्वर गिळण्याची कलाही त्याला जन्मजात येते. मास्तरांनी 'पकड' आणि 'पकडा' फळ्यावर लिहून तेथून 'फोटोग्राफ', 'फोटोग्राफर', 'फोटोग्राफिक' या तीन शब्दांकडे वळायला काय हरकत होती? एकाच घरातले हे तीन शब्द; पण पहिल्याचा जोर 'फो'वर, दुसऱ्याचा 'टो'च्या जागी, तिसऱ्याचा 'ग्रा'च्या जागी; आणि जोर सरकला की मागचा स्वर विझतो. देवनागरीत तिन्हींचे पहिले चार वर्ण अगदी एकसारखे दिसतात. घोटाळा तेथेच आहे.

शिवाय आपल्या कानाला एक फार जुना कायदा पाठ आहे: जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू. वृत्तात कविता म्हणणाऱ्या समाजाच्या हाडीमांसी तो खिळलेला आहे. आता गंमत अशी की लॅटिनकडून इंग्रजीत आलेल्या पुष्कळ लांब शब्दांनाही असाच कायदा लागू पडतो. शेवटून दुसरा तुकडा भारी असेल तर जोर त्यावर. अजेंडा, इम्पॉर्टंट, डिपार्टमेंट, सप्टेंबर, नोव्हेंबर, डिसेंबर: या सगळ्यांत मराठी माणूस आपल्या गुरू अक्षरावर दाबतो आणि इंग्रजही नेमका तेथेच दाबतो. कुणाचे कुणाला खटकत नाही. पण भिंतीवरच्या ज्या कागदावर हे तिन्ही महिने छापलेले असतात, त्याचे नाव 'कॅलेंडर'. आणि तेथे इंग्रज दगा देतो. त्याचा जोर पहिल्या 'कॅ'वर, आपला 'लें'वर. सिलिंडर, कॅरेक्टर, मिनिस्टर, यांची तीच गत. मराठी तोंडातला हा उच्चार म्हणजे गबाळेपणा नव्हे. तो एका कायद्याचे पालन आहे. कायदा फक्त दुसऱ्या राज्याचा आहे. या मुद्द्यावर मी हटून बसणार आहे, कारण 'कॅलेंडर' म्हणताना हसू झालेली खेड्यातली पोरे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि हसणाऱ्यांपैकी एकालाही आपण का हसतो हे सांगता येत नव्हते.

ही दोन राज्ये एका माणसाच्या अंगात कशी नांदतात, याचे उदाहरण शोधायला खानदेशाबाहेर जावे लागत नाही. केशवसुतांनी (1866–1905) आयुष्याच्या उत्तरार्धात भडगाव आणि फैजपूर येथे शिक्षकाची नोकरी केली. भडगाव पाचोऱ्याला लागून, फैजपूर सातपुड्याच्या पायथ्याशी. त्याआधीच त्यांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणले होते आणि त्याला 'चतुर्दशक' असे नाव दिले होते. त्यांनी काय आणले आणि काय सोडले? चौदा ओळी आणल्या, यमकांची मांडणी आणली, विचाराला मध्येच वळण देण्याची रीत आणली. इंग्रजी ओळीचा प्राण म्हणजे तिच्यातले पाच आघात. ते मात्र आणले नाहीत. आणणे शक्यच नव्हते. त्यांच्या जागी शार्दूलविक्रीडिताची एकोणीस अक्षरे आली, ज्यांतले प्रत्येक लघु की गुरू हे आधीच ठरलेले. पुढेही मराठी सुनीत बहुधा त्याच वृत्तात राहिले.

कुणी म्हणेल, लघु-गुरू, लघु-गुरू असे एकाआड एक चालणारे प्रमाणिका वृत्त आपल्याकडे होतेच, पंचचामरही होते. इंग्रजी ओळीचीही चाल हलके-भारी, हलके-भारी अशीच आहे. मग तेच का वापरले नाही? कागदावर दोन्हींचा नकाशा एक दिसतो. म्हणून पाहिले की कळते: पंचचामर ढोलासारखे घुमते, त्यात गुरू म्हणजे गुरू, लवभर इकडेतिकडे नाही. इंग्रजी ओळीत पाच जागा ठरलेल्या, पण प्रत्येक जागचा भार बोलण्याच्या ओघात कमीजास्त होतो, आणि कवी त्या कमीजास्तावरच खेळतो. माधव ज्युलियनांच्या 'छंदोरचने'त मात्रांचा जो सूक्ष्म हिशेब आहे तो आपल्या काव्याला पुरून उरतो. आघाताला त्याच्या वहीत खातेच उघडलेले नाही, कारण गरजच नव्हती. केशवसुतांच्या कानाने हा भेद ओळखला असे मी मानतो. इंग्रजी कवितेवर जीव असूनही त्यांनी तिचा ठेका उसना घेतला नाही.

कवीला जी मोकळीक असते ती उमेदवाराला नसते. मुलाखतीच्या खोलीत शार्दूलविक्रीडित चालत नाही. या विषयाकडे शास्त्राची नजर वळली तीही एका मराठी माणसामुळे: अशोक केळकर (1929–2014) यांनी 1957 मध्ये 'वर्ड' या भाषाविज्ञानाच्या नियतकालिकात मराठी माणसाच्या इंग्रजीवर लेख लिहिला, आणि परकी ढब ही चुकांची पिशवी नसून तिला स्वतःची व्यवस्था असते या अंगाने तिच्याकडे पाहिले. 1969 मध्ये हैदराबादच्या इंग्रजी संस्थेतून आर. के. बन्सल यांचा अभ्यास निघाला. भारतीयांचे इंग्रजी परक्या श्रोत्यांना कितपत कळते, याची त्यांनी प्रत्यक्ष ऐकवून परीक्षा घेतली. न कळण्याच्या कारणांत त्यांना ठळक दिसला तो शब्दातला चुकीच्या जागी पडलेला आघात. आपण इतकी वर्षे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' घोटून घेत होतो. गाडी अडत होती ती भलत्याच ठिकाणी.

अर्थात परका श्रोता म्हणजेच कसोटी, हेही आता कुणी मानत नाही. पहूरचा मुलगा चेन्नईच्या माणसाशी इंग्रजीत बोलतो तेव्हा दोघेही 'कॅलेंडर' आपापल्या गुरू अक्षरावर दाबतात आणि दोघांचे काम होते. भाषांची 'आघाताच्या तालावर चालणाऱ्या' आणि 'अक्षराच्या तालावर चालणाऱ्या' अशी जी साफ दोन जातींत वाटणी 1945 नंतर रूढ झाली, तीही यंत्राने मोजू लागल्यावर तितकी साफ राहिली नाही. पण एवढ्याने शाळेची सुटका होत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने इंग्रजी आठवीपर्यंत पुढे ढकलली. 2000 सालापासून महाराष्ट्राने ती पहिलीपासून सुरू केली. वर्षे वाढली, पुस्तके रंगीत झाली. शब्दाची फोड अजून फळ्यावर होते, आणि जोराची खूण अजूनही बहुतेक वर्गांत त्या फळ्यावर उमटत नाही. शब्द म्हणताना एका तुकड्यावर टाळी वाजवायची, बाकीच्यांवर नाही, याला खर्च शून्य. टाळ वाजवणाऱ्या, ओवी म्हणणाऱ्या या मुलखात ते कुणाला जड जाणार नाही.

जळगावची नगरपालिका 2003 मध्ये महानगरपालिका झाली. तरुण मंडळी तिला 'कॉर्पोरेशन' म्हणतात. म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र, घरपट्टीचा विषय निघाला की, अजूनही मुन्शिपालटीच असते. 'पा' लांब, शेवटचा 'टी' चटकन तोडलेला.